तळ्याकाठची सहल आणि कुटुंबधर्म

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, रायलादेवी, मखमली ही तळ्यांची नावे तिथल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. कल्याणात शेणाळे ऊर्फ काळा तलाव आहे, त्याचे आताचे अधिकृत नाव भगवा तलाव. डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना खिडकाळेश्वराच्या देवळाजवळ तळे लागते, आणि टिटवाळ्यात महागणपतीच्या देवळालगत. या पट्ट्यातले कुटुंब सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना घेऊन बाहेर पडते, तेव्हा बहुधा यांपैकीच एखादा काठ गाठते. अशा सहलीकडे हौस म्हणून पाहिले जाते. सणवार, कुळाचार, श्राद्धपक्ष यांना धर्म म्हणणारे घरही सहलीला धर्माच्या खात्यात धरत नाही. तीन पिढ्यांनी मिळून पाण्याकाठी जाणे ही नुसती करमणूक आहे की कुटुंबधर्माचा भाग, आणि तसा भाग असेल तर सहलीची आखणी कोणत्या तत्त्वावर करावी, हे दोन प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखे आहेत.

देव आणि विरंगुळा एकाच काठावर

ठाणे-कल्याणच्या तळ्यांवर देवस्थान आणि विरंगुळ्याची जागा अशी वेगळी वाटणी कधी झालेली दिसत नाही. मासुंद्याजवळ कौपिनेश्वराचे देऊळ आहे. ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती, आणि या शिवस्थानाचे नाते त्या काळाशी जोडले जाते. आजचे देऊळ पेशवाईतल्या जीर्णोद्धाराचे. मासुंद्यापासून जवळच पोर्तुगीज काळातले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे आणि तलावाला लागून गडकरी रंगायतन. संध्याकाळी मासुंद्याच्या काठच्या तलावपाळीवर कौपिनेश्वराचे दर्शन घेऊन आलेले, नाटकाच्या तिसऱ्या घंटेची वाट पाहणारे, नावेत बसायला हट्ट करणारे आणि भेळेच्या गाडीपाशी उभे राहिलेले, सगळे एकाच गर्दीत मिसळलेले असतात. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे. तेही वालधुनी नदीच्या काठी. खिडकाळीला महाशिवरात्रीची जत्रा भरते, आणि जत्रा म्हटली की दर्शन आले, पाळणे आले आणि शेव-रेवड्याही आल्या.

एकाच पाण्याकाठी माणूस दुःखानेही येतो आणि आनंदानेही. तर्पण आणि अस्थिविसर्जन पाण्यात, गणपतीचे विसर्जनही पाण्यात. पाण्याकाठी जाण्याची सवय कुटुंबाला धर्मानेच लावली आहे. सुट्टीच्या दिवशीची सहल ही त्याच सवयीची मोकळी बाजू होय.

तळे कोणाचे

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे दोन भाग केले आहेत. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट. विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रे अशी लोकोपयोगी कामे ती पूर्त. तळे खोदून झाले की त्याचा उत्सर्ग करायचा, म्हणजे ते पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यायचे, असा विधी सांगितला आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला तळ्याचे पुण्य ऋतूंच्या चढत्या क्रमाने सांगतात. ज्याच्या तळ्यात फक्त पावसाळ्यात पाणी असते त्याला अग्निहोत्राचे फळ, शरदात टिकले तर हजार गायींच्या दानाचे, आणि असे करत करत ऐन उन्हाळ्यातही पाणी राहिले तर अश्वमेधाचे. हा हिशेब ठाणे जिल्ह्याला सहज पटण्यासारखा आहे. इथे पावसाळ्यात लोकलचे रूळ पाण्याखाली जातात आणि मे महिन्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मत्स्यपुराणात आणखी एक हिशेब आहे: दहा विहिरींच्या बरोबरीची एक बारव, दहा बारवांच्या बरोबरीचा एक डोह, दहा डोहांच्या बरोबरीचा एक पुत्र आणि दहा पुत्रांच्या बरोबरीचा एक वृक्ष. वंश चालवणे आणि पाणी राखणे ही दोन्ही कामे इथे एकाच मापाने मोजली आहेत.

आदर्श असा, पण व्यवहार त्याच्या उलट होता. सर्व प्राण्यांसाठी सोडलेल्या पाण्यावर गुरे येत, पाखरे येत; माणसांतल्याच काहींना मात्र बंदी होती. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यावरून उभा राहिलेला कोर्टातला वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आज कोणत्याही जातीधर्माचे कुटुंब तळ्याच्या कठड्यावर शेजारी शेजारी बसते, याला शास्त्रातल्या उत्सर्गापेक्षा महाडचा लढा अधिक कारणीभूत आहे. म्हणून सहलीच्या धर्माचे पहिले कलम हे की पाण्याचा काठ सर्वांचा. सतरंजी अंथरून अर्धा घाट अडवणे, मोठ्या आवाजात गाणी लावणे, दुसऱ्याच्या मुलांना हुसकावणे यांतून सर्वांचे पाणी पुन्हा आपल्यापुरते होते.

यात्रा, सहल आणि पुंडलिक

यात्रेत पुण्य आणि सहलीत मौज, असा भेद सहसा केला जातो. परंपरेने मात्र तीर्थाची कल्पना स्थळापुरती ठेवलेली नाही. तीर्थे स्थावर, जंगम आणि मानस अशी तीन प्रकारची सांगितली आहेत: नद्या आणि क्षेत्रे ही स्थावर, सज्जन माणसे ही जंगम, आणि सत्य, क्षमा, दया, इंद्रियनिग्रह ही मानस. ज्या प्रवासात दया आणि क्षमा नाही, तो काशीपर्यंत गेला तरी अपुराच राहतो.

महाराष्ट्राच्या दैवताची कथा नेमकी इथेच उभी आहे. कीर्तनात सांगितल्या जाणाऱ्या आख्यानाप्रमाणे पुंडलिक कुटुंबासह काशीला निघाला, तेव्हा तो आणि त्याची बायको घोड्यावर होती आणि म्हातारे आईबाप पायी चालत होते. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याने पाहिले की गंगा, यमुना, सरस्वती मळलेल्या रूपात येतात, तिथे सेवा करून उजळून निघतात. आणि हे सामर्थ्य त्या ऋषीला आईवडिलांच्या सेवेने आलेले आहे. पुंडलिक परतला, सेवेला लागला, आणि दारी आलेल्या देवाला त्याने वीट फेकून थांबायला सांगितले. या कथेत पुंडलिकाची चूक तीर्थाला निघण्यात नव्हती. तीन पिढ्या किंवा दोन पिढ्या बरोबर घेऊन निघताना वाहनावर कोण बसणार आणि चालणार कोण, ही वाटणी त्याने उलटी केली होती. पंढरीचा सगळा भक्तिमार्ग प्रवासाच्या या चुकलेल्या आखणीतून उगवतो, ही गोष्ट कुटुंबासह बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी आहे.

एकनाथांची कथा याच अंगाने जाते. काशीची कावड रामेश्वराला नेत असताना त्यांनी ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. मुक्काम गाठण्यापेक्षा वाटेतली तहान मोठी ठरली. सहलीच्या कार्यक्रमात ठरलेली चार ठिकाणे पाहण्यासाठी दमलेल्या आजीला किंवा भुकेल्या नातवाला फरपटत नेणारे कुटुंब कावड राखते आणि तहान विसरते.

विश्रांतीचा अधिकार

पुण्याचा विचार बाजूला ठेवला तरी नुसत्या विश्रांतीला धर्मात जागा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग साधण्यासाठी आहार, विहार, झोप आणि जागरण सारेच प्रमाणात असावे असे सांगितले आहे. विहार टाकून द्यावा असे सांगितलेले नाही. चार पुरुषार्थांत कामाला, म्हणजे सुखाच्या इच्छेला, स्थान आहे, ते धर्माच्या मर्यादेत.

विश्रांतीचा सर्वांत स्पष्ट विचार ठाण्यातल्याच एका समाजाने शतकानुशतके पाळला आहे. कोकणातले बेने इस्रायली तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलणाऱ्या या यहुदी समाजाचे ठाण्यातले सिनेगॉग १८७९ चे आहे. सातव्या दिवशी काम करू नये, ही त्यांच्या धर्मग्रंथातली आज्ञा घरच्या कर्त्यापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे आणि दारात राहणारा परकाही तिच्यात येतो. एकाने विसावा घ्यावा आणि त्यासाठी दुसऱ्याने राबावे, ही सोय तिथे बंद केलेली आहे.

चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसंग आहे. गुरूने शिष्यांना विचारले, तुमची योग्यता जगाने ओळखली तर काय कराल? एकाने राज्य सावरण्याचे सांगितले, दुसऱ्याने प्रजेला सुबत्ता आणण्याचे, तिसऱ्याने राजविधी सांभाळण्याचे. चौथ्याने वाद्य खाली ठेवले आणि सांगितले, की वसंत सरता सरता पाचसहा मोठे आणि सहासात मुले बरोबर घेऊन नदीवर जावे, स्नान करावे, पर्जन्याच्या वेदीपाशी वारा खावा आणि गात गात घरी यावे. गुरूने निःश्वास टाकला आणि म्हटले, मी याच्या बाजूचा. ज्या व्यवस्थेत लहानमोठे निर्धास्तपणे पाण्याकाठी जाऊन गात परत येऊ शकतात, ती व्यवस्था नीट चाललेली असते. राज्यकारभार ज्यासाठी करायचा ते फळ त्या चौथ्या शिष्याने दाखवले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. आनंदासाठी आनंद पुरेसा आहे, त्याला धर्माचा टेकू कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पुण्य मिळवण्यासाठी हसायला लावणारी सहल कोणालाच नको. पण आनंद एकट्याचा असतो तेव्हाच तो स्वतःपुरता पुरेसा असतो. सात माणसांचा आनंद जुळवायचा म्हटला की कोणी किती सोडायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर आवडीनिवडीत सापडत नाही, ते धर्मविचारातच शोधावे लागते.

चाल कोणाची

रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोचली. तेव्हापासून या पट्ट्याचे आयुष्य गाडीच्या वेळेला बांधले गेले. डोंबिवलीचा कमावता माणूस सकाळी पाठीवर बॅग टाकून निघतो आणि मुले झोपायच्या सुमारास परततो. ज्या वेगाने तो आठवडाभर चालतो त्याच वेगाने रविवारी सहल उरकू पाहतो. आजोबांची चाल वेगळी, तीन वर्षांच्या नातीची वेगळी. एकाच कुटुंबातले हे तीन वेग हीच तिन्ही पिढ्यांच्या सहलीतली मुख्य अडचण असते.

मनुस्मृतीत रस्त्यावर वाट कोणाला द्यावी याची यादी आहे: गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, डोक्यावर ओझे असलेला, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. याच ग्रंथाने शूद्रांवर आणि स्त्रियांवर जी बंधने लादली त्यांमुळे त्याचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, आणि ते दहन न्याय्य होते. मात्र या यादीतल्या वृद्ध, आजारी आणि ओझे वाहणाऱ्यांना पहिला मान देणारे तत्त्व कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय उभे राहते. ज्याला थांबणे, वळणे, सरकणे सर्वांत अवघड, त्याच्यासाठी इतरांनी वाट सोडावी.

मत्स्यपुराणाने ऐश्वर्याच्या तोऱ्यात, लोभाने किंवा मोहाने वाहनातून प्रयागला जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवली आहे. निषेध आहे तो तोऱ्याचा. दुखऱ्या गुडघ्यांसाठी केलेली रिक्षा त्यात बसत नाही.

ही तत्त्वे आखणीत उतरवली की काय होते ते एका साध्या उदाहरणाने दिसते. डोंबिवलीहून पंच्याहत्तरीचे आजोबा, सत्तरीची आजी, मुलगा-सून आणि दोन नातवंडे मासुंद्याला निघाली आहेत असे समजू. आदल्या दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक पाहून घेतला, तर फलाटावरचे ताटकळणे वाचते. जलद गाडीच्या गर्दीत आजोबांना ढकलण्यापेक्षा डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी गाडी बरी, कारण तिथे बसायला मिळते. ठाण्याला पुलाचे जिने चढायचे की सरकता जिना किंवा लिफ्ट गाठायची, हे उतरण्याआधी ठरलेले असावे. स्टेशनपासून तलावपाळी तरुणाला दहा-बारा मिनिटांची. आजोबांना ती दुप्पट वेळेची आहे, म्हणून जाताना रिक्षा आणि परतताना जमले तर चालणे. काठावर पोचल्यावर पहिला शोध बाकाचा आणि स्वच्छतागृहाचा. नावेचे तिकीट त्यानंतर. नातवंडे आईबरोबर नावेत जातात तेव्हा मुलगा आजोबांजवळ बसतो, आणि आठवड्यात न झालेले बोलणे तिथे होते. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतरची. ठाण्याच्या दमट दुपारी वृद्धांना आणि तान्ह्यांना बाहेर ठेवू नये. टिटवाळ्याला जायचे तर अंगारकीचा दिवस वृद्धांबरोबर टाळावा. देव इतर दिवशीही तिथेच असतो. एका दिवसाला एकच तळे पुरे.

कष्ट कोणाचे

सहलीचा सर्वांत न दिसणारा भाग स्वयंपाकघरात असतो. पहाटे उठून ठेपले, बटाट्याची सुकी भाजी, आजोबांची बिनतिखटाची पोळी, धाकट्याचा मऊ भात, औषधांची डबी, पाण्याच्या बाटल्या, कपड्यांचा जादा जोड. आणि परतल्यावर तेच डबे घासायला. ज्या घरात हे सगळे एकट्या सुनेवर किंवा एकट्या आजीवर येते, तिथे सहल बाकीच्यांची होते आणि तिची पाळी चुकत नाही. सातव्या दिवसाची आज्ञा घरातल्या दासीलाही विसावा देते; घरच्या लेकी-सुनांना तो न देणारी सुट्टी त्या मापाने सुट्टी ठरत नाही. जुन्या गृहस्थधर्मातही नवी सून, लहान मुली, आजारी आणि गरोदर बायका यांना पाहुण्याच्याही आधी वाढावे, यजमान आणि त्याच्या पत्नीने सर्वांत शेवटी जेवावे, असे सांगितले आहे. आजच्या घरात त्या शेवटच्या पंक्तीचा भार पुरुषांनीही बरोबरीने घ्यावा. काठावर विकत मिळणारे कणीस आणि घरून नेलेला थोडा फराळ एवढ्यावर भागवले तर कोणाचे काही बिघडत नाही. डबे कोण भरणार आणि कोण घासणार हे ठरल्याशिवाय सहल ठरली असे समजू नये.

ज्येष्ठांचाही धर्म आहे

सेवा घेणाऱ्यालाही कर्तव्ये असतात. आश्रमव्यवस्थेत केस पिकले आणि नातवंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी असे सांगितले. आज कोणी वनात जात नाही आणि जावे असेही नाही. वारकरी संतांनी तर प्रपंचातच परमार्थ करायला शिकवले. पण त्या विधानातला एक भाग आजही लागू आहे, तो म्हणजे निर्णयाचा हट्ट सोडणे. आपल्या काळी असे होते म्हणून नातवाने नावेत बसू नये, सुनेने अमुक नेसावे, दर्शन आधी झालेच पाहिजे, असे आग्रह ज्येष्ठांनी सोडले तर त्यांच्याभोवती बसण्याची इतरांना ओढ लागते.

दुसऱ्या बाजूने, ज्येष्ठांना सामानासारखे उचलून नेणेही चूक. कुठे जायचे हे त्यांना विचारले पाहिजे, आणि घरीच बसायचे म्हटले तर तेही मान्य केले पाहिजे. मासुंद्याच्या काठी जुने ठाणे पाहिलेले आजोबा नातवाला तळ्याच्या गोष्टी सांगू शकतात. ही त्यांची सहलीतली भूमिका आहे, आणि ती त्यांना मिळावी इतका मोकळा वेळ आखणीतच ठेवावा लागतो.

ऋण मागचे आणि पुढचे

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांचे ऋण जोडले. पितरांचे ऋण संततीने फिटते, म्हणजे मागच्यांचे देणे पुढच्यांना द्यायचे असते. तळ्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. ठाण्यातली अनेक तळी भराव टाकून बुजली आणि त्यांवर वस्ती उभी राहिली. जी उरली त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, निर्माल्य आणि सांडपाणी यांनी पाण्याचा प्राण घेतला. ठाणे महापालिकेने विसर्जनासाठी कृत्रिम तलाव उभारायला सुरुवात केली आणि कुटुंबे आपला गणपती तिथे नेऊ लागली, हे पूर्तकर्मच आहे. गाडगेबाबा क्षेत्राच्या गावी गेले की आधी हातात खराटा घेत आणि कीर्तन त्यानंतर करीत. काठावर खाल्लेल्या भेळेचा कागद आणि माशांना टाकलेल्या पावाची पिशवी घरी परत नेणे हा त्याच शिकवणीतला सर्वांत सोपा पाठ आहे, आणि तो नातवंडे आजोबांच्या हाताकडे पाहून शिकतात.

मुलांचे रक्षण हाही याच ऋणाचा भाग. पावसाळ्यात बदलापूरकडचे धबधबे आणि बारवी धरणाचा परिसर मोहात पाडतात आणि दरवर्षी माणसे बुडाल्याच्या बातम्या येतात. जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते तेव्हा तो पाळणे हा धर्म आहे. त्या महिन्यांत कुटुंबाने शहरातल्या कठडा बांधलेल्या काठांवर जावे.

यावरून दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. तीन पिढ्यांची सहल कुटुंबधर्माचा भाग होऊ शकते, मात्र आपोआप होत नाही. सर्वांत मंद चालणाऱ्याच्या चालीने ती निघाली, घरातल्या कोणाही एकाच्या कष्टावर ती उभी राहिली नाही, निर्णयात लहानमोठ्या सर्वांचा वाटा राहिला, आणि काठ जसा मिळाला तसा किंवा त्याहून स्वच्छ पुढच्या कुटुंबासाठी सोडला, तर मासुंद्याच्या काठावरची एक संध्याकाळ यात्रेइतकीच पूर्ण ठरते. यातले एक कलम सुटले तर तीच संध्याकाळ नुसती करमणूक होते, आणि तीही घरातल्या काहींचीच.